फ्लाइट नंबर कसा ठरतो, कॉल साइन कसं ठरतं: लोहगावहून उडणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, कुणाला आणायला जायचं असलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "फ्लाइटचा नंबर काय?" समोरून नंबर येतो, आपण तो अॅपमध्ये टाकतो आणि बऱ्याचदा घोळ तिथेच सुरू होतो. तिकिटावर एक नंबर असतो, विमानतळाच्या बोर्डावर दुसरा दिसतो आणि ट्रॅकिंग अॅपवर त्याच विमानाशेजारी तिसरीच अक्षरं असतात. यातलं चूक काहीच नसतं. प्रवाशाला लागणारी ओळख वेगळी, कंट्रोलरला लागणारी वेगळी आणि विमान दुरुस्त करणाऱ्या इंजिनिअरला लागणारी आणखी वेगळी.

या सगळ्या पद्धतीच्या मुळाशी एकच काळजी आहे. एका विमानाला दिलेली सूचना, जागा किंवा सामान चुकून दुसऱ्या विमानाच्या वाट्याला जाऊ नये. पुढे जो नियम विचित्र वाटेल, तो या काळजीच्या उजेडात बघा म्हणजे त्याचं कारण सापडेल.

आधी तीन ओळखी वेगळ्या करा

पहिली ओळख फ्लाइट नंबरची. हा नंबर विमानाचा नसून प्रवासाचा असतो. पुणे ते दिल्ली, अमुक वेळेला, अमुक कंपनीची सेवा, एवढंच तो सांगतो. आज त्या नंबरावर एक विमान जातं, उद्या दुसरं.

दुसरी ओळख कॉल साइनची. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक, म्हणजे आपण ज्यांना एटीसी म्हणतो ते, रेडिओवर ज्या नावाने बोलतात ते नाव. बहुतेक वेळा ते फ्लाइट नंबरावरूनच बनतं, पण नेहमी नाही.

तिसरी ओळख नोंदणी क्रमांकाची. तो विमानाच्या अंगावर, शेपटीकडच्या भागात रंगवलेला असतो. भारतीय विमानांचा नोंदणी क्रमांक व्हीटी या दोन अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे तीन अक्षरं येतात. ही ओळख त्या विशिष्ट विमानाची, गाडीच्या नंबरप्लेटसारखी. एकच व्हीटी विमान दिवसभरात चार-सहा वेगवेगळ्या फ्लाइट नंबरांनी उडतं.

लोक "विमानाचा नंबर" म्हणतात तेव्हा यातलं काहीही अभिप्रेत असू शकतं. शिवाय पीएनआर वेगळा. तो तुमच्या बुकिंगचा सहा अक्षर-अंकी संकेत, विमानाशी त्याचा संबंध नाही. ई-तिकिटाचा तेरा अंकी क्रमांकही वेगळा. त्याचे पहिले तीन अंक तिकीट काढणाऱ्या कंपनीचे असतात, एअर इंडियाचे ०९८. घ्यायला येणाऱ्या माणसाला यातलं काही पाठवून उपयोग नाही. त्याला फ्लाइट नंबर आणि तारीख पाठवा.

पायरी १: तिकिटावरचा नंबर फोडून वाचा

फ्लाइट नंबराचे दोन भाग असतात. आधी कंपनीचा दोन अक्षरी संकेत, मग एक ते चार अंक. संकेत देते आयाटा, ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना. पुण्यातून उडताना जे संकेत नेहमी दिसतात ते पाठ असलेले बरे: ६ई म्हणजे इंडिगो, एआय एअर इंडिया, आयएक्स एअर इंडिया एक्सप्रेस, क्यूपी अकासा, एसजी स्पाइसजेट, ९आय अलायन्स एअर, एस५ स्टार एअर.

६ई किंवा ९आय बघून अनेकांना वाटतं की हा काहीतरी गुप्त अर्थ असणार. तसं काही नाही. फक्त अक्षरांच्या जोड्या मोजक्या आहेत. इंग्रजी सव्वीस अक्षरांच्या जोड्या केल्या तर ६७६ होतात, आणि जगात कंपन्या त्याहून जास्त. म्हणून एक अक्षर आणि एक अंक अशाही जोड्या वापरात आल्या. तरीही टंचाई राहतेच. त्यामुळे बंद पडलेल्या कंपनीचा संकेत काही काळाने नव्या कंपनीला मिळतो. विस्ताराचा यूके हा संकेत पूर्वी एअर यूके या ब्रिटिश कंपनीकडे होता. स्पाइसजेटचा एसजी एकेकाळी इंडोनेशियाच्या सेम्पाती एअरचा होता. इतकंच काय, ज्यांच्या मार्गांचा एकमेकांशी संबंध येत नाही अशा दोन छोट्या कंपन्यांना आयाटा जाणूनबुजून एकच संकेतही देते. म्हणून जुन्या तिकिटावरचा संकेत आजच्या अॅपमध्ये शोधताना वर्ष लक्षात घ्या.

विलीनीकरणात नंबरांचं काय होतं, याचं ताजं उदाहरण आपल्याकडे आहे. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. त्या दिवसापासून विस्ताराच्या विमानांनी होणाऱ्या सेवांना एअर इंडियाने २ ने सुरू होणारे चार अंकी नंबर दिले. यूके ९५५ असेल तर ती एआय २९५५ झाली. नियमित प्रवाशाला जुना नंबर ओळखता यावा आणि कुठल्या प्रकारचं विमान आहे तेही कळावं, असा दुहेरी विचार त्यात होता. मला ही मांडणी फार नेटकी वाटते, कारण हजारो लोकांच्या डोक्यात बसलेले नंबर एका रात्रीत पुसून टाकणं सोपं नसतं.

आणखी एक बारीक गोष्ट. काही तिकिटांवर नंबराच्या आधी शून्य छापलेलं असतं. एआय ०८५ आणि एआय ८५ यांत फरक नाही. संगणकाला ठरावीक रुंदीचे आकडे लागतात म्हणून ते शून्य येतं. अॅपवर शोधताना ते गाळून टाका.

पायरी २: अंक कुठून येतात ते समजून घ्या

अंक कंपनी स्वतः ठरवते. सरकार किंवा आयाटा तिला अमुक मार्गाला अमुक नंबर द्या असं सांगत नाही. कंपनीतला वेळापत्रक विभाग आपापल्या सवयीने नंबरांचे गट पाडतो. देशांतर्गत एक गट, परदेशी दुसरा, मालवाहतूक तिसरा, रिकामं विमान एका विमानतळावरून दुसऱ्यावर न्यायचं असेल तर त्यासाठी वेगळा, दुसऱ्या कंपनीच्या विमानावर आपली तिकिटं विकायची असतील तर त्यासाठी आणखी वेगळा. इंडिगोच्या सात हजारांच्या मालिकेत एटीआर ही पंख्याची छोटी विमानं दिसतात. अकासाने ७ ऑगस्ट २०२२ ला मुंबई–अहमदाबाद हे पहिलं उड्डाण केलं ते क्यूपी ११०१ या नंबराने.

जाण्या-येण्याच्या नंबरांची जोडी लावणं ही सर्वांत जुनी सवय. कंपनीच्या मुख्य ठाण्यावरून निघणारी सेवा बहुधा विषम, परतणारी सम. एअर इंडियाची दिल्ली–न्यूयॉर्क एआय १०१ आणि परत येणारी एआय १०२. आपल्याला हे नवं नाही. डेक्कन क्वीन मुंबईहून निघते ती १२१२३ आणि पुण्याहून निघते ती १२१२४, हे पुणेकराला सांगायला नको. अमेरिकेत पूर्वेकडे आणि उत्तरेकडे जाणाऱ्या सेवांना सम आणि पश्चिमेकडे-दक्षिणेकडे जाणाऱ्यांना विषम असा प्रघात आहे. मात्र हे सगळे प्रघात आहेत, कायदे नव्हेत. इंडिगो दिवसाला दोन हजारांहून जास्त उड्डाणं करते. चार अंकांत ९,९९९ पर्यंतच नंबर बसतात, त्यातले काही राखून ठेवलेले. एवढ्या गर्दीत सम-विषमची शिस्त दरवेळी पाळली जाईल ही अपेक्षा ठेवू नका आणि नंबर सम आहे म्हणून विमान पुण्याकडे येतंय असा निष्कर्ष काढू नका.

छोटे नंबर मानाचे समजले जातात. ब्रिटिश एअरवेजचा १ हा नंबर कॉन्कॉर्डच्या लंडन–न्यूयॉर्क सेवेला होता. क्वांटासची सिडनी–लंडन सेवा क्यूएफ १. चिनी प्रवाशांना ८ शुभ वाटतो म्हणून युनायटेडने सॅन फ्रान्सिस्को–बीजिंगला ८८८ दिला. तेरा नंबर अनेक कंपन्या टाळतात.

एक अट मात्र प्रघात नाही, ती पक्की आहे. एकाच कंपनीचा एकच नंबर एकाच विमानतळावरून एका तारखेला एकदाच निघू शकतो. नाहीतर सामानाच्या टॅगपासून प्रवाशांच्या यादीपर्यंत सगळ्यात गोंधळ होईल. काल रात्री अडकलेली सेवा आज सकाळी निघाली आणि आजची त्याच नंबराची सेवाही निघणार असेल, तर जुन्या नंबराच्या शेवटी एखादं अक्षर जोडतात. बोर्डावर नंबरामागे असं अक्षर दिसलं तर समजा की ही उशिराने निघालेली किंवा जादाची सेवा आहे. आणायला जाताना हे बघितलं नाही तर तुम्ही आजच्या विमानासाठी दारात उभे राहाल आणि पाहुणा कालच्या विमानाने आलेला असेल.

पायरी ३: विकणारी कंपनी आणि उडवणारी कंपनी ओळखा

परदेशातून मुलं घरी येतात तेव्हा सर्वांत जास्त फसगत इथे होते. समजा तिकीट सिंगापूर एअरलाइन्सचं आहे आणि भारतातला पुढचा टप्पा एअर इंडियाच्या विमानाने आहे. तिकिटावर दोन्ही टप्प्यांना एसक्यूचेच, म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सचेच, नंबर असू शकतात. याला कोडशेअर म्हणतात. दोन कंपन्या एकाच विमानातल्या जागा आपापल्या नंबरांनी विकतात. इंडिगोचे टर्किश, कतार, केएलएम अशांशी असे करार आहेत.

तिकिटावर नंबराखाली बारीक अक्षरांत "ऑपरेटेड बाय" असं लिहिलेलं असतं. ती ओळ वाचा आणि तिथल्या कंपनीचा नंबर शोधून ठेवा. चेक-इनची खिडकी, सामानाची वजनमर्यादा, उशीर झाल्यास जबाबदार माणसं, हे सगळं बहुतांशी उडवणाऱ्या कंपनीकडे बघावं लागतं. कोडशेअरचे नंबर बहुधा चार अंकी आणि मोठे असतात, ही एक खूण. पण खात्री त्या बारीक ओळीनेच करा.

रेडिओवर मात्र कोडशेअरचा काही संबंध नसतो. तिथे उडवणाऱ्या कंपनीचंच नाव घेतलं जातं. एका विमानाला चार कंपन्यांचे चार फ्लाइट नंबर असले तरी आकाशात त्याचं कॉल साइन एकच.

पायरी ४: कॉल साइन बनतं कसं

इथे आयाटा मागे पडते आणि आयकाओ पुढे येते. आयकाओ ही संयुक्त राष्ट्रांची नागरी विमान वाहतूक संस्था. ती प्रत्येक कंपनीला तीन अक्षरी संकेत देते आणि रेडिओवर उच्चारायचं एक नाव मंजूर करते. अर्ज कंपनीच्या देशाच्या यंत्रणेमार्फत जातो, आपल्याकडे डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून. नाव छोटं, स्पष्ट आणि आधीच्या कुठल्याही नावासारखं न वाटणारं असावं लागतं.

इंडिगोचा तीन अक्षरी संकेत आयजीओ आणि रेडिओवरचं नाव "आयफ्लाय". एअर इंडियाचा एआयसी, नाव "एअर इंडिया". एअर इंडिया एक्सप्रेसचा एएक्सबी आणि नाव "एक्सप्रेस इंडिया". शब्दांची ही अदलाबदल मुद्दाम आहे. "एअर इंडिया एक्सप्रेस" असं म्हटलं असतं तर घरघरीत रेडिओवर शेवटचा शब्द हरवताच ते "एअर इंडिया" झालं असतं. स्पाइसजेटचा एसईजे, नाव "स्पाइसजेट". अकासाचा एकेजे, नाव "अकासा एअर". अलायन्स एअरचा एलएलआर आणि नाव "अलाइड". जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या तिकिटावर आयसी असायचं, पण रेडिओवर ती "इंडएअर" होती.

काही नावांत त्या कंपनीचा इतिहास आहे. ब्रिटिश एअरवेजचं "स्पीडबर्ड" हे इम्पिरियल एअरवेजच्या १९३२ च्या पक्ष्याच्या चिन्हावरून आलं. साउथ आफ्रिकन एअरवेज "स्प्रिंगबॉक", आयर्लंडची एअर लिंगस "शॅमरॉक", तैवानची चायना एअरलाइन्स "डायनॅस्टी".

आता जोडणी. विमान उडण्याआधी कंपनी एटीसीकडे फ्लाइट प्लॅन भरते. त्यात विमानाच्या ओळखीचा एक रकाना असतो आणि त्यात जास्तीत जास्त सात अक्षरं-अंक बसतात. तीन कंपनीचे, उरले चार. म्हणून ६ई ६२१४ अशी एखादी सेवा धरली, तर फ्लाइट प्लॅनमध्ये तिचं आयजीओ६२१४ होतं आणि रेडिओवर "आयफ्लाय सिक्स टू वन फोर". आकडे एकेक करून बोलतात, सहा हजार दोनशे चौदा असं म्हणत नाहीत. तीनला "ट्री", पाचला "फाइफ", नऊला "नाइनर" म्हणायचं असतं, कारण थ्री, फाइव्ह आणि नाइन रेडिओवर एकमेकांत किंवा इतर शब्दांत मिसळतात.

सगळ्या विमानांना कंपनीचं नाव नसतं. बारामतीला विद्यार्थी जी छोटी विमानं चालवायला शिकतात त्यांचं कॉल साइन म्हणजे त्यांचा नोंदणी क्रमांकच. व्हीटी-एबीसी असेल तर "व्हिक्टर टँगो अल्फा ब्राव्हो चार्ली". एटीसीने एकदा ते तोडून "व्हिक्टर ब्राव्हो चार्ली" म्हटलं की मग वैमानिकालाही तेवढंच म्हणता येतं, त्याआधी नाही. कंपनीचं नाव आणि फ्लाइट नंबर मिळून झालेलं कॉल साइन मात्र कधीही तोडायचं नसतं. वैमानिक होण्याच्या तयारीत असलेल्या मुलामुलींनी हा फरक आत्तापासून जिभेवर बसवावा.

मोठ्या विमानांना पहिल्या संपर्कात "हेवी" हा शब्द जोडावा लागतो. उड्डाणाचं कमाल वजन १३६ टन किंवा त्याहून अधिक असलेली ही विमानं, आणि ए३८० ला "सुपर". त्यांच्या मागे हवेत जे भोवरे तयार होतात त्यापासून मागच्या विमानाला अंतर ठेवावं लागतं. पुण्यात नेहमी दिसणारी ए३२० आणि ७३७ या वजनात बसत नाहीत.

कानाची फसगत आणि ती टाळण्याची धडपड

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो, म्हणून इथे थोडं थांबतो. लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे. एटीसी हवाई दलाचे अधिकारी सांभाळतात आणि त्याच एका धावपट्टीवर सुखोईंचा सराव आणि प्रवासी विमानांची ये-जा चालते. धावपट्टीच्या एका टोकाचं नाव १०, दुसऱ्याचं २८. निघणाऱ्या विमानाचं बोलणं साधारण असं असतं:

"पुणे टॉवर, आयफ्लाय सिक्स टू वन फोर, होल्डिंग पॉइंट, रनवे टू एट, रेडी फॉर डिपार्चर."

"आयफ्लाय सिक्स टू वन फोर, रनवे टू एट, क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ."

"क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ, रनवे टू एट, आयफ्लाय सिक्स टू वन फोर."

तीन ओळींत कॉल साइन तीनदा आलं. आता कल्पना करा की त्याच वेळी त्याच वाहिनीवर आयफ्लाय ६२४१ आहे. एकाच कंपनीचं नाव, तेच चार अंक, फक्त शेवटचे दोन उलटे. आवाज तुटला, दोघं एकदम बोलले किंवा वैमानिक थकलेला असला, की एकाची परवानगी दुसरा घेऊ शकतो. आपल्या आकाशात एकाच कंपनीची विमानं इतकी जास्त आहेत की नावाने वेगळेपण राहतच नाही. सगळी भिस्त चार अंकांवर येते.

म्हणून वेळापत्रक आखताना जबाबदार कंपनी पुढच्या गोष्टी बघते. एकाच वेळी एकाच भागात असणाऱ्या दोन सेवांचे शेवटचे दोन अंक सारखे नकोत. अंकांची अदलाबदल केलेल्या जोड्या नकोत. ३३३ सारखे एकच अंक पुन्हा पुन्हा नकोत, कारण किती वेळा म्हटलं तेच मोजता येत नाही. शेवटी शून्य किंवा पाच शक्यतो नको, कारण विमानाची उंची आणि दिशा सांगणारे आकडे बहुधा शून्य किंवा पाचवर संपतात आणि कॉल साइनचा आकडा उंचीचा समजला जाऊ शकतो.

एवढं करूनही भागलं नाही, तर अंकांत अक्षरं मिसळतात. युरोपात हे सर्रास चालतं. तिकिटावर फक्त अंक, पण कॉल साइन दोन अंक आणि दोन अक्षरांचं. तिथे युरोकंट्रोल ही संस्था कंपन्यांची संपूर्ण हंगामाची कॉल साइन्स संगणकावर तपासून सारखी वाटणारी वेगळी करायला मदत करते. आय आणि ओ ही अक्षरं टाळतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. अॅपवर फ्लाइट नंबराशी मेळ न बसणारं कॉल साइन दिसलं तर ते याच कारणाने असेल हे ध्यानात ठेवा.

आणि ऐन वेळी दोन सारखी नावं एकत्र आलीच, तर कंट्रोलरला एका विमानाचं कॉल साइन तात्पुरतं बदलायचा अधिकार आहे. पुढची सूचना येईपर्यंत ते विमान बदललेल्या नावानेच ओळखलं जातं.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफच्या विमानतळावर केएलएम आणि पॅन अॅमची दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती: दाट धुकं, घाई, एकाच वेळी झालेलं बोलणं. पण रेकॉर्डिंगमध्ये एक तपशील आहे. टॉवर त्या पॅन अॅम विमानाला आधी "क्लिपर" या त्याच्या रेडिओवरच्या नावाने हाक मारत होता. शेवटच्या निर्णायक क्षणी, धावपट्टी रिकामी झाल्याचं कळवायला सांगताना, त्याने "पापा अल्फा वन सेव्हन थ्री सिक्स" म्हटलं, म्हणजे "क्लिपर" ऐवजी पॅन अॅमची पी-ए ही अक्षरं घेतली. पॅन अॅमचं विमान अजून आपल्या समोर आहे हे केएलएमच्या वैमानिकांना कळण्याची ती एक शेवटची संधी होती. त्या अपघातानंतर "टेक-ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं. वरच्या संभाषणात वैमानिक "रेडी फॉर डिपार्चर" म्हणतो ते त्यामुळेच.

तारखेचा घोळ

विमान वाहतुकीचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. पुण्याहून १५ तारखेला पहाटे अडीचला निघणारी सेवा फ्लाइट प्लॅनमध्ये १४ तारखेची, २१:०० वाजताची असते. तिकिटावर आणि बोर्डावर मात्र स्थानिक वेळ आणि स्थानिक तारीख. काही ट्रॅकिंग संकेतस्थळं जागतिक वेळ दाखवतात आणि त्यावरून लोक "विमान कालच गेलं" म्हणून घाबरतात. सेटिंगमध्ये स्थानिक वेळ निवडा.

पायरी ५: पुण्यात बसून स्वतः करून बघा

आता हे सगळं एकत्र वापरू. पाहुण्याकडून तिकिटाचा फोटो मागवा. बोलून सांगितलेल्या नंबरात अंक उलटसुलट होतात. फोटोत उडवणारी कंपनी बघा. तिचा नंबर आणि तारीख अॅपमध्ये टाका. नंबराने सापडलं नाही तर तीन अक्षरी संकेत लावून बघा, ६ई ऐवजी आयजीओ, एआय ऐवजी एआयसी. तरी नाही, तर विमानतळाच्या नावाने शोधा. पुण्याचा आयाटा संकेत पीएनक्यू, आयकाओचा व्हीएपीओ. आयकाओच्या संकेतात पहिलं व्ही दक्षिण आशियाच्या या पट्ट्याचं आणि ए मुंबईच्या हवाई क्षेत्राचं. दिल्लीचा व्हीआयडीपी, मुंबईचा व्हीएबीबी, नागपूरचा व्हीएएनपी, बेंगळुरूचा व्हीओबीएल.

विमान हवेत असेल तर त्याच्यावर बोट टेकवा. कॉल साइन दिसेल, नोंदणी क्रमांक दिसेल, विमानाचा प्रकार दिसेल. कॉल साइन वैमानिकाने उड्डाणापूर्वी यंत्रात भरलेलं असतं आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर ते प्रक्षेपित करत राहतो. त्यासोबत विमानाचा एक कायमचा पत्ताही जातो, भारतीय विमानांचा ८० ते ८३ ने सुरू होणारा. एखाद्या वेळी फक्त शून्य ते सात या अंकांचा बनलेला चार अंकी आकडाही दिसतो. तो स्क्वॉक कोड, एटीसीने त्या प्रवासापुरता दिलेला. त्याचा फ्लाइट नंबराशी संबंध नाही. ७७०० आणीबाणीसाठी, ७६०० रेडिओ बंद पडल्यास, ७५०० अपहरणासाठी राखीव आहेत.

विमान अजून निघालंच नसेल तर सर्वांत उपयोगी चाल नोंदणी क्रमांकाची. तुमची दिल्लीची सेवा ज्या व्हीटी विमानाने होणार आहे ते आत्ता कुठे आहे ते बघा. अॅपमध्ये त्या विमानाचा दिवसभराचा इतिहास असतो. ते विमान दिल्लीत धुक्यात अडकलं असेल आणि तिथून पुण्याला येऊन मग तुम्हाला नेणार असेल, तर बोर्ड काहीही म्हणो, तुमची सेवा वेळेवर निघणार नाही. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळच्या विमानांसाठी हे सकाळीच बघून ठेवा. मात्र ऐन वेळी कंपनी विमान बदलू शकते, म्हणून यावरून घरून निघायची वेळ पुढे ढकलू नका. चेक-इनची वेळ तिकिटावरची पाळा.

दोन सावधगिऱ्या. लोहगाव हा लष्करी तळ आहे. विमानातून किंवा विमानतळाच्या आवारातून धावपट्टी, लढाऊ विमानं, हँगर यांचे फोटो किंवा व्हिडिओ काढू नका. आणि एटीसीचं बोलणं ऐकण्यासाठी परवान्याशिवाय रेडिओ यंत्र आणून बसू नका, आपल्या कायद्यात ते चालत नाही. ज्यांना बोलणं ऐकून शिकायचं आहे त्यांनी परदेशातल्या, जिथे ऐकणं कायदेशीर आहे अशा विमानतळांची उपलब्ध रेकॉर्डिंग्ज ऐकावीत.

नंबर कधी बदलतात

भीषण अपघातानंतर कंपन्या बहुधा तो नंबर काढून टाकतात. मलेशिया एअरलाइन्सने मार्च २०१४ मध्ये एमएच ३७० च्या जागी एमएच ३१८ आणला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला झालेल्या अपघातानंतर एअर इंडियाने १७१ हा नंबर थांबवला आणि अहमदाबाद–लंडन सेवेला १५९ दिला. असा सक्तीचा नियम कुठे नाही. होमी भाभा ज्या विमानात होते ते २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लांवर कोसळलेलं विमान एआय १०१ होतं आणि तो नंबर आज न्यूयॉर्कच्या सेवेला आहे. तरीही ज्या घरांतली माणसं गेली त्यांना दर आठवड्याला बोर्डावर तोच नंबर दिसू नये, हा विचार मला योग्य वाटतो.

नेहमीचे बदल मात्र हंगामाने येतात. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या दिवशी मार्ग, वेळा आणि त्यांच्याबरोबर नंबर बदलतात. लोहगावला स्लॉट, म्हणजे विमानांना उडण्या-उतरण्यासाठी दिलेल्या वेळा, हवाई दलाच्या सोयीनुसारही ठरतात, त्यामुळे इथे बदल जास्त जाणवतात. तुमचं तिकीट जानेवारीत काढलेलं आणि प्रवास एप्रिलचा असेल, तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पीएनआर टाकून नवा नंबर आणि वेळ बघा, नवा ई-तिकिटाचा कागद उतरवून घ्या आणि घ्यायला येणाऱ्यालाही तो पाठवा. नंबर बदलल्याचा संदेश कंपनी बुकिंगवरच्या मोबाइलवर पाठवते. एजंटाकडून तिकीट काढलं असेल तर तिथे तुमचा स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल नोंदवलाय का, हे आजच तपासा.